तिसऱ्या वर्षाच्या रकान्यातली रेघ

आमच्या संशोधन केंद्रावर नोंदवहीतला रकाना रिकामा सोडायची मुभा नव्हती. मोजलं आणि काही निघालं नाही, तर शून्य लिहायचं. मोजलंच नाही किंवा मोजता आलं नाही, तर आडवी रेघ ओढायची. हा नियम डॉक्टरसाहेबांनी घालून दिला होता. ते कापसाचे शास्त्रज्ञ आणि केंद्राचे प्रमुख. मी कृषी सहाय्यक. माझ्या पहिल्याच हंगामात एका रेघेच्या जागी मी शून्य लिहिलं, तेव्हा त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "त्या दिवशी पाऊस होता, तू प्लॉटवर गेलाच नव्हता. मग तिथं अळ्या नव्हत्या हे तुला कोणी सांगितलं? अळ्यांनी?"

मजूर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी ते पान पुन्हा लिहून काढलं. त्यानंतर बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो आणि तशी चूक माझ्याकडून पुन्हा झाली नाही. निदान वहीत तरी नाही.

केंद्र दिग्रसपासून सात किलोमीटरवर होतं. रस्त्याला लागून बावीस एकर, त्यातली निम्मी मुरमाड. डॉक्टरसाहेबांना तीच निम्मी हवी होती. काळ्या जमिनीत कोणतंही वाण चांगलं येतं, त्यात माझं काय, असं ते म्हणत. हलक्या जमिनीत, फक्त पावसाच्या पाण्यावर येणारं आणि शेतकऱ्याला घरचं बी पुढच्या वर्षी पेरता येईल असं सरळ वाण त्यांना काढायचं होतं. चाचणीत त्याला नाव नव्हतं, नंबर होता. सतरा. मजूर बायका त्याला "साहेबाचा सतरा" म्हणत. संकर करणं, निवड करणं, पुन्हा लावणं, पुन्हा निवड करणं, यात नऊ वर्षं गेली होती. त्यानंतर तीन वर्षांची शेवटची चाचणी लागली. अट साधी होती. तीन वर्षं सलग, चार प्लॉटच्या एकत्रित उत्पादनात शेजारीच लावलेल्या तुलनेच्या वाणाच्या मागे पडायचं नाही. पहिली दोन वर्षं सतरा नंबर पुढे होता. तिसरं वर्ष तेवढं राहिलं होतं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. फवारे वाढत होते आणि बोंडं किडतच होती. पेपरात ज्या गावच्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी यायची ते गाव आम्हाला बहुतेक वेळा माहीत असायचं. केंद्रावर दर वर्षी शिवारफेरी असायची. शेतकरी यायचे, प्लॉट पाहायचे, एका रजिस्टरात नाव आणि गाव लिहायचे. एकदा पेपर वाचता वाचता डॉक्टरसाहेब उठले आणि ते रजिस्टर काढून घेऊन बसले. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर नाव सापडलं. त्या माणसाने सही नीट वळणदार केली होती. साहेबांनी नावासमोर पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. पुढच्या दीड वर्षात अशी तीन टिंबं झाली.

मग दिल्लीहून एक पाहणी पथक आलं. डॉक्टरसाहेबांनी तीन आठवडे बसून बेचाळीस पानांचं टिपण केलं होतं. त्यातले आकडे मी दोनदा तपासले होते. पथकाने त्यांना चार मिनिटं दिली. शेवटी एका अधिकाऱ्याने घड्याळ पाहत विचारलं, "थोडक्यात सांगायचं तर?" साहेबांनी थोडक्यात सांगितलं. गाड्या उमरखेडच्या दिशेने निघून गेल्या. टिपणाच्या सहा प्रतींपैकी दोन आमच्याच टेबलावर राहिल्या.

त्या दुपारी चहा पिताना ते म्हणाले, "अहवालाला उत्तर येत नाही. मी वीस वर्षं अहवाल पाठवून राह्यलो, एकाचंही उत्तर नाही. पण लोकसभेत खासदारानं प्रश्न विचारला की सरकारला उत्तर द्यावंच लागते. लेखी. ठरल्या तारखेले."

ते वऱ्हाडीवर आले की आतून तापलेले असत. मी म्हटलं, "मग कोण्या खासदाराला सांगून विचारायला लावू."

"तो काय विचारणार? पुढचा उपप्रश्न विचारायले त्याले मुरमाड जमीन माहीत पाह्यजे ना."

दोन महिन्यांनी एक पक्ष त्यांना तिकीट द्यायला तयार झाला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी माझ्याकडूनच टाईप करून घेतला. मी टाईप करून झाल्यावर एवढंच म्हणालो, "साहेब, सतरा नंबरचं तिसरं वर्ष जमिनीत उभं आहे."

"वेचणीले तू आहेस ना. तोलायचं आणि लिहायचं. त्याले शास्त्रज्ञ कायले पाह्यजे?"

हे खरं होतं. वेचणीला शास्त्रज्ञ लागत नाही.

त्यांचा शेवटचा दिवस नोव्हेंबरअखेर आला. पहिली वेचणी झाली होती. दुसरीची बोंडं फुटून उभी होती आणि आठ दिवसांनी ती घ्यायची होती. सेवामुक्तीच्या आदेशावर 'मध्यान्हपूर्व' असं लिहिलेलं असल्यामुळे बारा वाजेपर्यंत ते सरकारी होते. बारानंतर दिग्रसच्या बाजाराच्या मैदानावर त्यांचा पक्षप्रवेश होता, मोठे नेते येणार होते. आम्ही सकाळी पोहे केले, एक शाल दिली. बारा वाजता ते फाटकाकडे निघाले. तिथे सगळ्या मजूर बायका उभ्या होत्या आणि त्यांची मुकादम पुढे होती. ती केंद्र सुरू झालं तेव्हापासून कामाला होती आणि साहेबांनासुद्धा प्लॉटमध्ये चपला काढायला लावायची. तिच्या हातात हार होता. सुतळीत ओवलेली, फुटलेली, पांढरीशुभ्र कापसाची बोंडं. दोन पदरी, गुडघ्यापर्यंत.

तिने तो हार त्यांच्या गळ्यात घातला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोघी रडत होत्या. एका फोटोवाल्याने "साहेब, इकडे बघा" म्हटलं.

साहेबांनी आधी हाराकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना सवय होती. एक बोंड त्यांनी उलटं करून पाहिलं. सतरा नंबरचं बोंड पाच फाकांचं फुटतं आणि त्याचा देठ किंचित वाकलेला असतो. आमच्या दोघांना ते अंधारातही ओळखता आलं असतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते बोंड सोडून दिलं आणि फोटोवाल्याकडे पाहिलं.

साहेबांना न्यायला आलेली जीप गेल्यावर मी मुकादम बाईला बाजूला घेतलं.

"बाई, ही बोंडं कुठली?"

"कुठली म्हंजे? सतरा नंबरची. साहेबाचीच त आहेत."

"कोणत्या प्लॉटातली?"

"चारही प्लॉटातली. एकाच प्लॉटाले कायले ओरबाडाचं? साहेबच सांगते ना, जे करान थे चारहीले सारखं करा."

"किती किती घेतली?"

"आता मोजत बसू काय बाप्पा? वीस-वीस असतीन. एखांद्यात पंचीस. हार आखूड झाला म्हून मंग आनखी तोडले."

"झेंडूचा हार आणायचा ना, बाई."

"झेंडू त कोनाच्याबी गयात पडते, बाबू. बोकड मिरवासाठी काढला तरी त्याच्या गयात झेंडूच असते. साहेबाले कायले झेंडू?"

एकाच प्लॉटमधून शंभर बोंडं तोडली असती, तर तो प्लॉट बाद धरून उरलेल्या तिघांवरून हिशेब बसवण्याची रीत आहे. साहेबांनीच ती मला शिकवली होती. पण बायकांनी चारही प्लॉटना सारखं वागवलं होतं, तेही साहेबांनीच शिकवलं म्हणून. आता कोणता प्लॉट बाद धरायचा?

एकच उपाय होता. हार परत मिळवायचा, बोंडं मोजायची, कापूस तोलायचा. कोणत्या प्लॉटमधून किती, हे कळलं नसतं. पण अट चारही प्लॉटच्या एकत्रित उत्पादनाची असल्याने बेरीज पुरेशी होती. मी एसटीची वाट न पाहता मोटारसायकलने दिग्रसला गेलो. सरकारी माणूस म्हणून मला मंडपात जाता येत नव्हतं. मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. तिथून व्यासपीठ दिसत होतं. हार साहेबांच्या गळ्यातच होता. मी मोजायला सुरुवात केली. समोरून दिसणारी एकेचाळीस झाली. मानेमागची आणि आतल्या पदराची दिसत नव्हती.

मोठे नेते आले. त्यांना घालायला आणलेले हार टेबलावर होते, झेंडूचेच. साहेब उठले. क्षणभर थांबले. मग त्यांनी स्वतःच्या गळ्यातला बोंडांचा हार काढला आणि नेत्यांच्या गळ्यात घातला. मैदानात एकदम टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. टपरीवाला म्हणाला, "वा! याले म्हन्ते कापसाचा मानूस."

सभा संपल्यावर नेते तो हार गळ्यात ठेवूनच गाडीत बसले. काच वर गेली. गाडी नागपूरकडे निघाली आणि तिसऱ्या वर्षाचा आकडा तिच्यातून गेला.

डिसेंबरात आम्ही दुसरी वेचणी घेतली, जानेवारीत शेवटची. प्रत्येक पिशवी मी स्वतः तोलली. पाऊस कमी झाला होता, बोंडं हलकी होती. बोंडामागे तीन ग्रॅम कापूस निघत होता. चार प्लॉट मिळून सतरा नंबर तुलनेच्या वाणाच्या दोनशे चाळीस ग्रॅमने मागे होता. म्हणजे हारात ऐंशी बोंडं धरली तर बरोबरी, शंभर धरली तर साठ ग्रॅमने पुढे. मुकादम बाईच्या वीस-वीसने ऐंशी होत होती. एखाद्या पंचवीसने आणि नंतर तोडलेल्यांनी किती, ते तिलाच माहीत नव्हतं. मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती चिडली. "मले कोर्टात उभी करता काय?" नंतर तिला सगळा प्रकार कळला तेव्हा ती दोन दिवस कामावर आली नाही.

नवे प्रभारी अधिकारी दोन केंद्रं सांभाळत. आमच्याकडे ते मंगळवारी येत. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "शंभर धरा आणि मोकळे व्हा. एवढ्या मोठ्या हारात शंभर असणारच की."

"मोजलेली नाहीत, साहेब."

"मग अंदाज लिहा. नोंद घेणारा म्हणून सही तुमची आहे, माझी नाही."

म्हणून मी उमरखेडला गेलो. निवडणूक दीड महिन्यावर आली होती आणि डॉक्टरसाहेबांचा मुक्काम तिकडे, त्यांच्या मूळ गावी होता. प्रचाराचं कार्यालय एका बंद पडलेल्या कापडदुकानात होतं. दारातल्या कार्यकर्त्याने माझ्या काखेतली वही पाहून विचारलं, "मतदार यादी आणली काय भाऊ? कोन्त्या बूथाची?" मी कापसाची आहे म्हटल्यावर तो हसला. "मंग त जिंकलोच समजा."

साहेब आत होते. चार महिन्यांत वाळले होते, आवाज बसला होता. मला पाहून त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि स्वतः पंखा माझ्याकडे वळवला.

"किती मागे?" त्यांनी विचारलं. कशाबद्दल आलो आहे ते सांगावं लागलं नाही.

"दोनशे चाळीस ग्रॅम."

त्यांनी डोळे मिटले. "ऐंशीला बरोबरी."

"हो."

"हारात किती होती?"

"समोरून एकेचाळीस मोजली. मागची दिसली नाहीत."

ते हसले. "तू तिथंही मोजत होतास?" मग हसणं थांबलं. "मी मोजली नाहीत. आणि मोजता आली असती. सकाळपासून गळ्यात होती."

बारा वाजल्यापासून होती, पण ते मी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "साहेब, रेघ ओढू की आकडा लिहू?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. कुणीतरी दार वाजवून "साहेब, लोक थांबलेत" म्हटलं. साहेब उठले, उपरणं घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू तिथं आहेस. तुला योग्य वाटेल ते लिही. आणि निवडून आलो ना, तर अशी दहा वाणं बाहेर काढू."

बारा वर्षांत 'तुला योग्य वाटेल ते लिही' असं ते मला कधी म्हणाले नव्हते. रेघ म्हणाले असते तर मी रेघ ओढली असती. खरं सांगतो, शंभर म्हणाले असते तर शंभरही लिहिलं असतं, इतका माझा त्यांच्यावर विश्वास होता. पण ते दोन्ही म्हणाले नाहीत. परतीच्या बसमध्ये वही मांडीवर घेऊन मी पुसदपर्यंत त्या रकान्याकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी शाईने रेघ ओढली. शेऱ्यात लिहिलं, 'दुसऱ्या वेचणीपूर्वी चारही प्लॉटमधील काही बोंडे तोडली गेली. संख्या ज्ञात नाही.' खाली सही केली. प्रभारी अधिकाऱ्यांनी ते वाचून "बारा वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही" असं म्हटलं आणि स्वतःचीही सही केली. चाचणी अपूर्ण ठरली. ती नव्याने लावायची तर शास्त्रज्ञाने प्रस्ताव द्यावा लागतो आणि शास्त्रज्ञाचं पद रिकामं होतं.

डॉक्टरसाहेब निवडून आले. मी त्यांनाच मत दिलं होतं.

पुढच्या वर्षी भांडार आवरायचा आदेश आला. मुदत संपलेल्या चाचण्यांचं बियाणं काढून टाकायचं होतं. सतरा नंबरची एक पिशवी होती, दोन किलोच्या आत. साठा नोंदवहीत मी तिच्यासमोर 'नष्ट' लिहिलं, शिल्लक शून्य केली, आणि पिशवी घरी आणली. माझ्या नोकरीतली ही एकमेव चोरी. बायकोने ती तुपाच्या रिकाम्या डब्यात भरून माळ्यावर ठेवली.

ती म्हणाली, "चार झाडं लावून टाका ना अंगनात. बी त नवं होईन."

लावता आली असती. फुलं उमलायच्या आधी दोऱ्याने बांधली की शेजारच्या कापसाचे पराग येत नाहीत. हे काम मी हजारो फुलांवर केलं होतं. पण माझं घर रस्त्यावर, अंगण उघडं. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणी बांधलेली फुलं पाहून विचारलं असतं, तर काय सांगणार होतो? सरकारी बी घरी लावलं म्हणून चौकशी लागली असती. बायकोला म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका मंगळवारी फॅक्स आला. वर 'लोकसभा प्रश्न, अतितातडीचे' असा शिक्का. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी कापसाची कोणती सरळ वाणं चाचणीत आहेत, ती केव्हा उपलब्ध होतील आणि विलंब असल्यास कारणं काय. विचारणारे खासदार आमचे डॉक्टरसाहेब. प्रश्न दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून विद्यापीठाला आणि तिथून आमच्या केंद्राला आला होता. प्रभारींनी तो माझ्या टेबलावर सरकवला. "तुमच्याच साहेबांचा आहे. तुम्हीच लिहा."

मी लिहिलं. चाचणीत वाण एक. पहिली दोन वर्षं समाधानकारक. तिसऱ्या वर्षाची आकडेवारी अपूर्ण. चाचणी बंद. विलंबाचं कारण या रकान्यात, संबंधित शास्त्रज्ञ सेवेत नाहीत. सगळे शब्द खरे होते. संध्याकाळी पाचच्या आत उत्तर पाठवलं.

छापील उत्तराची प्रत पुढे केंद्रावर आली. सध्या असं कोणतंही वाण चाचणीत नाही, असं पहिल्या भागाला होतं. उरलेल्या भागांना, 'प्रश्न उद्भवत नाही.'

आठवड्याने साहेबांचा फोन आला. दिल्लीहून होता, मध्येमध्ये आवाज तुटत होता.

"रेघच ओढलीस तर."

"हो, साहेब."

"बरोबर केलंस." मग ते म्हणाले, "बियाणं राहिलंय का रे थोडं? मूठभर असलं तरी चालेल. मी वरून नवी चाचणी मंजूर करून आणतो. बियाणं मात्र पाहिजे."

डबा घरी माळ्यावर होता. हो म्हटलं असतं तर साहेबांनी दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं असतं, त्या पत्रात बियाणं कुणाकडे आहे ते आलं असतं, आणि 'नष्ट' या शब्दाखाली माझी सही होती. नोकरीची सात वर्षं राहिली होती. मुलगी बारावीला होती. शिवाय उमरखेडच्या त्या दुपारचं काहीतरी माझ्या मनात साचलेलं होतं, तेही त्या क्षणी वर आलं असावं. त्याचं वजन मला सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "साठा नोंदवहीत शून्य आहे, साहेब."

"बरं," ते म्हणाले. "तू लिहिलंस म्हणजे शून्यच असेल."

पुढच्या निवडणुकीत ते पडले आणि त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मी उमरखेडला जाऊन आलो. मुकादम बाई माझ्यासोबत होती. तिने येताना झेंडूचा हार आणला होता.

डब्यातलं बी मी दर वर्षी मेमध्ये तपासत आलो. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे, आठव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. पहिल्या वर्षी ब्याऐंशी उगवले होते. मग एकसष्ट. मग चौतीस, अकरा, चार. यंदा फडकं उघडलं तेव्हा एकही कोंब नव्हता. मी आणखी चार दिवस वाट पाहिली, मग वहीत शून्य लिहिलं.

बायकोने माळ्यावरचा डबा खाली काढला आणि विचारलं, "आता तरी टाकू काय म्हशीले?" मी टाक म्हणालो. शेजारच्या म्हशीने ती सरकी दोन दिवसांत खाल्ली. किती होती, ते मी तोललं नाही.